आठ पंपांचं पिस्तूल

माझ्या आईने एकाहत्तराव्या वर्षी पिस्तूल हातात घेतलं. हसू नका. खरंखुरं नव्हे, छऱ्याचं, हवेवर चालणारं, दुकानातलं सगळ्यात स्वस्त. पण आमच्या चारकोपच्या सोसायटीत त्याने जी खळबळ उडवायची ती उडवलीच. वरच्या मजल्यावरच्या बाई तर महिनाभर आमच्या दारावरून चपला हातात घेऊन गेल्यासारख्या जायच्या.

पिस्तूल मुळात आलं कशाला ते आधी सांगतो. त्या वर्षी गणपती जाऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी आई चहाचा कप उचलायला गेली आणि कप उचलेचना. उजवी बाजू गेली होती. हॉस्पिटलात बारा दिवस काढले. पाय बराचसा परत आला, काठी घेऊन संडासापर्यंत जायला लागली. जीभ तर चौथ्याच दिवशी आली, आणि आल्या आल्या तिने नर्सबाईंना तिथला चहा कसा पांचट आहे ते सुनावलं. हात मात्र आला नाही. खांद्यातून हलायचा, बोटं अर्धी मिटायची, पण काही धरलं की सुटून पडायचं.

आम्ही मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर इकडे आलो, वडील गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. आईने चारकोपला अर्धं आयुष्य काढलं पण बोलणं तिचं गावचंच राहिलं, आणि जेवणंही. रोज मासा लागतो, आणि तोही काट्याचा. तारलीचा काटा ती ताटाकडे न बघता काढायची. बोटं भातातून फिरायची आणि काटे एका बाजूला जमा व्हायचे, तोंडाने तिची शेजारणीची निंदा चालू.

त्यामुळे आजारपणातून उठल्यावर तिचं मागणं एकच होतं. आपल्या हाताने जेवायचं. बाकी चालणं, फिरणं, देवळात जाणं, सगळं गेलं उडत. डाव्या हाताने ती जेवणार नाही, मेली तरी नाही. चमच्याला हात लावणार नाही. ‘चमच्यान माशे खातत काय कोण?’ असं मलाच विचारायची. माझी बायको भरवायची तेव्हा ती डोळे मिटून घ्यायची. मी एकदा घास पुढे केला तर तोंड फिरवून म्हणाली, ‘झिलाच्या हातान जेवचो दिस माका नको.’ मी ताट खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

फिजिओथेरपीवाली एक मुलगी आठवड्यातून दोनदा घरी यायची. चांगली होती पोरगी, कामाला पक्की. तिने आम्हाला समोर बसवून सांगितलं की पहिले काही महिनेच महत्त्वाचे असतात, त्यात जे परत येईल ते येईल. हाताला काम द्या. जोर लावायला लावा. जड जातंय तेच चांगलं. हे शेवटचं वाक्य तिने दोनदा सांगितलं होतं, मला नीट आठवतं. मी मान डोलावली होती.

तिने एक पिवळा रबरी चेंडू दिला. तो दाबायचा, सकाळ-संध्याकाळ. आईने तो दोन दिवस दाबला, तिसऱ्या दिवशी पलंगाखाली टाकला. ‘माका काय बालवाडीत घातलास?’ मी ओरडलो, बायको समजावून थकली, फिजिओवालीने लाडीगोडी लावली. पण आई हटली तर हटली. रोज तीच कटकट, आणि दिवस चालले होते. मला रात्री झोप लागेना.

आता कबुतरं. आमच्या खिडकीच्या ग्रिलवर ही हलकट जमात दिवसभर बसलेली. आई आधी उठून हाकलायची, आता पलंगावरून नुसतं हाड हाड करायची. एका दुपारी ती वैतागून म्हणाली, ‘माका एक बंदूक हाडून दी रे. एकेकाक बघतंय.’ ती बोलून विसरली. मी कामाला माझ्या गाळ्यावर गेलो आणि माझ्या डोक्यात ते फिरत राहिलं. कारण छऱ्याच्या पिस्तुलात एक प्रकार असतो, त्यात नळीखाली एक दांडा असतो. तो उघडायचा, मिटायचा, उघडायचा, मिटायचा. प्रत्येक वेळी आत हवा भरते. पहिले दोन पंप सहज होतात, मग घट्ट होत जातात. म्हटलं, चेंडू नाही ना दाबायचा? मग हे दाब.

बोरिवलीला एका दुकानात गेलो. दुकानदाराने आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, लायसन लागत नाही म्हणाला, आणि मला तीन महागाची पिस्तुलं दाखवली. मी म्हटलं सगळ्यात स्वस्त दाखव, पंपाचं. तो म्हणाला, ‘साहेब, ते लय जड जातं पंप करायला. आठ पंप मारल्याशिवाय छर्रा जात नाही. लोक परत घेऊन येतात.’ मी म्हटलं, मला तेच पाहिजे. तो माझ्याकडे बघत राहिला. नंतर विचारलं, ‘कोणासाठी?’ मी म्हटलं, ‘आईसाठी.’ त्याने बिल फाडलं.

घरी आणलं तेव्हा आईने ते उलटंपालटं करून पाहिलं. ‘ह्यां खेळणां मा?’ मी कबुतराला मारायचं नाही हे तिच्याकडून वदवून घेतलं. ते तिलाही नकोच होतं, बोलायची नुसती. पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात जुन्या चादरी कोंबल्या, समोर बाटल्यांची झाकणं दोऱ्याने टांगली आणि खोका पॅसेजच्या टोकाला ठेवला. पलंगावरून पंधरा फूट. मांडीवर उशी, उशीवर पिस्तूल, डाव्या हाताने ते दाबून धरायचं आणि उजव्याने दांडा ओढायचा, चापही उजव्यानेच.

पहिल्या दिवशी दोन पंप झाले. तिसऱ्याला दांडा हातातून सटकला आणि तिने पिस्तुलाच्या कारखान्यातल्या सगळ्यांच्या सात पिढ्या काढल्या.  दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर मला म्हणाली, ‘तीन झाले.’ सांगताना तोंडावर काही दाखवलं नाही, पण बायकोने मला स्वयंपाकघरातून खुणावलं की दिवसभर हेच चाललंय.

पाच आठवडे ती त्या पिस्तुलाच्या मागे लागली होती. चार पंप, पाच, सहा. सहाव्याला कपाळावर घाम यायचा. चापही घट्ट, दाबायला बोट थरथरायचं. आठ पंप पहिल्यांदा झाले त्या दिवशी छर्रा खोक्यात गेला, झाकणाला लागला नाही, पण आवाज झाला ठक्क, आणि ती माझ्याकडे बघून लहान पोरीसारखी हसली. मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. फिजिओवाली म्हणाली, कमाल आहे आजी, असंच चालू ठेवा. आणि एका रविवारी आईने ताट पुढे ओढलं, उजव्या हाताने भात कालवला आणि तीन घास खाल्ले. अर्धा भात मांडीवर सांडला. तीन घास. बायको रडली. मी पण रडलो, खोटं कशाला बोलू.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

मी टर्नर आहे. चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटीत माझा छोटासा गाळा आहे, एक लेथ, एक ड्रिल, एक बफिंगचं मशीन. तीस वर्षं मी एकच काम केलंय. कोणाचं हँडल जड जातंय, कोणाचा व्हॉल्व्ह फिरत नाही, कोणाची खिट्टी अडकते, आण इकडे. मी हात हलका करून देतो. अख्ख्या इस्टेटीत त्यासाठी माझं नाव आहे. खराब बनवलेली वस्तू मला बघवत नाही, अंगावर काटा येतो. आणि ते पिस्तूल, देवा, काय भिकार बनवलं होतं.

सहाव्या आठवड्यात त्यातून हवा गळायला लागली. आई पंप मारायची आणि चाप ओढला की नुसती फुस्स. मी ते गाळ्यावर नेलं. वायसर बदलायचा, दहा मिनिटांचं काम. वायसर बदलला. पण उघडलंच होतं म्हणून आत डोकावलो. पंपाचा दट्ट्या पुढपर्यंत टेकतच नव्हता, मधे जागा राहायची, प्रत्येक पंपाला अर्धी हवा फुकट. म्हणून तर आठ पंप लागायचे. मला राग आला. माझी आई घाम गाळते आणि कारण काय, तर कोणीतरी माप चुकवलंय. मी पितळेची चकती काढली आणि दट्ट्याला बसवली. मग दांडा पाहिला. आखूड, धार असलेला. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीने चार बोटं लांब केला, टोकाला लाकडी गोळा. चापाची स्प्रिंग बदलली, चाप घासून-पुसून आरशासारखा केला. मूठ प्लास्टिकची होती, घाम आला की निसटायची. घरी येऊन आईच्या उजव्या हातात कणकेचा गोळा दिला, दाब म्हटलं. तिने दाबला. त्या ठशावरून सागवानाची मूठ कोरली, प्रत्येक बोटाला खाच. चार संध्याकाळी मी गाळ्यावर बसलो होतो. बाजूच्या गाळ्यातले लोक येऊन बघून जायचे. झकास झालं, म्हणायचे. खरंच झकास झालं होतं. आयुष्यात मी त्याहून चांगलं काम केलेलं नाही.

आठाच्या जागी तीन पंप. आणि तेही दोन बोटांनी.

आईच्या हातात दिलं. तिने दांडा ओढला, एकदा, दोनदा, तीनदा. चाप ओढला. झाकण उडालं. दुसरा छर्रा, दुसरं झाकण. ती माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, ‘कसं वाटतंय?’ ती म्हणाली, ‘बरां केलंस.’ मला वाटलं, भरून आलंय तिला. मी बायकोला हाक मारली, शेजाऱ्यांना बोलावलं. सगळ्यांसमोर आईने ओळीने पाच झाकणं पाडली, आणि मी हात कमरेवर ठेवून उभा होतो, जणू मीच पाडत होतो.

मग आमची मोजणी झाकणांवर आली. आज किती पाडली? सात. काल? सहा. म्हणजे हात सुधारतोय. फिजिओवालीला मी फोन केला आणि सांगितलं की आता यायची तेवढी गरज नाही, आई रोज स्वतः करते, एकदम फॉर्मात आहे. ती म्हणाली, महिन्यातून एकदा तरी दाखवा. मी हो म्हटलं. बायकोचं मालाडला काम, मी गाळ्यावर, दुपारभर आई एकटी. संध्याकाळी आलो की पाच-सहा झाकणं जमिनीवर पडलेली. बघूनच बरं वाटायचं.

जेवताना भात सांडायचा. आधी मांडीवर सांडायचा, नंतर तोंडापर्यंत यायचाच नाही. एकदा ताकाचा पेला सुटला. थंडी आहे, बोटं आखडतात, असं मी म्हणालो. थंडी, मुंबईत. बायकोने एकदा सांगून पाहिलं, ‘अहो, त्यांचा अंगठा बघा ना, आत वळतोय.’ मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, जिचा नेम पंधरा फुटांवरून लागतो तिचा अंगठा काय बघायचा. तीन घासांचे दोन झाले, दोनाचा एक, आणि मग एके दिवशी आईनेच बायकोला सांगितलं, तू भरव. डोळे मिटून.

चार महिन्यांनी आम्ही फिजिओवालीच्या क्लिनिकला गेलो. मी पिस्तूल पिशवीत घालून नेलं होतं, दाखवायला. हो, मिरवायला नेलं होतं. फिजिओवालीने आईचा हात हातात घेतला, बोटं उघडून पाहिली. ती उघडेनात. तिने हळूहळू एकेक बोट सरळ केलं, सोडलं की परत आत.  मग म्हणाली, त्यांना पिस्तूल धरू द्या. मी मूठ आईच्या तळहातात सरकवली. माझ्या खाचा एकीकडे आणि तिची बोटं दुसरीकडे. कणकेत दाबली होती तीच बोटं, पण आता एकही खाचेत बसेना.

पोरीने पिस्तूल घेतलं. दांडा एका बोटाने ओढला. सहज आला. परत ओढला. माझ्याकडे बघून विचारलं, ‘हे असं होतं?’ मी म्हटलं, नाही, मी सुधारलं. तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, ‘काका, जड होतं तेच औषध होतं.’ मी खुर्चीवर बसलो. आई भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती, जणू आमचं बोलणं दुसऱ्या कोणाविषयी चाललंय.

घरी आल्यावर मी वेड्यासारखा झालो. चकती काढली. जुना आखूड दांडा भंगारात गेला होता, तसाच नवा केला. घट्ट स्प्रिंग घातली. आठ पंपांचं पिस्तूल परत आठ पंपांचं केलं, अगदी दुकानातल्यासारखं भिकार. आईच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, आये, एकदा. तिने हात दांड्यावर ठेवला. म्हणजे मी तिचा हात उचलून ठेवला. तिने दात आवळले. मानेची शीर दिसायला लागली. दांडा हलला नाही. पहिला पंप, जो लहान पोरगंही करेल, तो झाला नाही. मी म्हटलं, परत. तिने परत जोर लावला. मी पंधरा दिवस तिला रोज बसवलं, मधली स्प्रिंग घातली, मधला दांडा केला, त्याहून हलका केला. एकदा मी तिच्यावर ओरडलो, जोर लाव ना म्हणून. बायकोने माझ्या हातातून पिस्तूल काढून घेतलं आणि कपाटावर ठेवलं. म्हणाली, पुरे करा आता.

फिजिओवाली परत यायला लागली. बोटं ताणते, शेक देते, दुखू नये म्हणून. तिने मला स्पष्ट सांगितलं की यातलं काही कदाचित तसंही परत आलं नसतं, सगळं अंगावर घेऊ नका. मला ते पटत नाही. तीन घास मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते.

मागच्या रविवारी बायको तिच्या आईकडे मुलुंडला गेली होती. जाताना तारल्यांचं तिखलं करून ठेवलं होतं, शेजारच्या वहिनींना भरवायला सांगून गेली होती. दीड वाजला तरी वहिनी आल्या नाहीत. मी ताट वाढून ठेवलं, दोनदा दारात जाऊन आलो. मग नुसतं बसायचं म्हणून पलंगाजवळ स्टूल घेऊन बसलो आणि तारलीचा काटा काढायला लागलो. माझ्याने नीट निघेना, मासा सगळा कुसकरला. आई बघत होती. तिने टोकलं नाही, हेही नवीनच होतं.

मग ती म्हणाली, ‘तां पिस्तूल तू हलकां करून हाडलंस, त्याच दिसा माका कळलां हुतां.’

मी विचारलं, ‘काय कळलं होतं?’

‘उजवो हात लागतच नाय त्येका. डाव्यानच जाय सगळां. दुपारची मी डाव्यानच मारी.’

माझ्या हातातला मासा तसाच राहिला. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? इतके महिने? माझा आवाज चढला होता, मलाच ऐकू येत होता. ती खिडकीकडे बघत होती.

‘तू चार दिस जागलंस त्येच्यासाठी. इतको खूश हुतंस. बापूस गेल्यापासून तुका तसो बघलंय नाय. माझ्या तोंडातसून शब्द भायर पडाक नाय.’

मला वाटलं तिच्या पायावर डोकं ठेवावं, किंवा ताट भिंतीवर फेकावं. मी यातलं काहीच केलं नाही. भात कालवत राहिलो, कालवत राहिलो, त्याचा चिखल झाला तरी.

तिने माझ्याकडे मान वळवली. डोळे उघडे होते.

‘भात थंड जाता,’ ती म्हणाली. ‘भरव.’